ठासणीची बंदूक : नामे परकी, क्रियापदे आपली

भाषेचा इतिहास शोधताना आपण ताम्रपट, पोथ्या, बखरी आणि दप्तरे पाहतो. हत्यारांकडे सहसा पाहत नाही. पाहिलेच तर तलवारीकडे पाहतो, कारण तलवारीला काव्यात मानाचे स्थान आहे. बंदुकीच्या वाट्याला तो मान आला नाही. तिच्या तोंडातून धूर निघतो, तिचा वास उग्र असतो आणि तिच्या वापरात वीरापेक्षा कारागिराचा हात अधिक दिसतो. परंतु मराठी भाषेच्या अभ्यासकाला बंदुकीइतके बोलके हत्यार दुसरे नाही. पाच शतकांत या भूमीवर कोण आले, कोणाकडून आपण काय घेतले, काय स्वतःचे केले आणि काय गमावले, याचा बराचसा हिशेब तिच्या शब्दांत नोंदलेला आहे. या लेखात तो हिशेब ठासणीच्या बंदुकीपुरता, म्हणजे तोंडातून दारू व गोळी भरून गजाने ठासायच्या एकबारी बंदुकीपुरता, मांडावयाचा आहे.

१

आरंभ सुरतेपासून करणे सोयीचे आहे. शहराच्या दक्षिणेला उधना आणि उधन्याला लागून पांडेसरा. आज पांडेसरा म्हटले की कापड रंगवण्याचे व छापण्याचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. उधन्याहून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर, जळगाव असा जो लोहमार्ग जातो, त्याच मार्गाने खानदेशातील हजारो मराठी कुटुंबे या भागात आली आणि स्थायिक झाली. परंतु या वाटेवरचे मराठी पाऊल त्याहून पुष्कळ जुने आहे. ५ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराजांची फौज गणदेवीस असल्याची वार्ता सुरतेत पोचली. पाठोपाठ ती उधन्यास आली आणि ६ तारखेस शहरात शिरली. चार दिवसांनी, १० तारखेस, ती परत फिरली. म्हणजे आज जेथे गिरण्यांची धुराडी उभी आहेत, त्याच परिसरातून मराठ्यांचे घोडे दौडत गेले असले पाहिजेत.

त्या चार दिवसांचा वृत्तांत इंग्रजांच्या वखारीच्या कागदांत सविस्तर आला आहे. मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. किल्ल्यावरून तोफा चालत राहिल्या. पण त्यांच्या गोळ्यांनी शत्रूपेक्षा शहरातल्या घरांचीच अधिक हानी केली. इंग्रजांनी जॉर्ज ऑक्सेंडन याच्या हाताखाली सुवाळीच्या बंदरातील जहाजांवरून खलाशी आणले आणि बंदुका भरून वखार राखली. मराठ्यांपाशी तोफा नव्हत्या. त्यांचे बळ घोड्यात, वेगात आणि बातमीत होते. किल्ला त्यांनी घेतला नाही, वखारींच्या भिंतींवर डोके आपटले नाही. ३ ऑक्टोबर १६७० रोजी ते पुन्हा आले तेव्हाही हेच झाले.

हा प्रसंग येथे लढाईचा इतिहास म्हणून सांगितलेला नाही. सुरत हे त्या काळी बंदुकीच्या दारूचेही बंदर होते, हे ध्यानात यावे म्हणून तो सांगितला. दारूचा मुख्य घटक जो सोरा, तो गुजरातेतून गोळा होऊन सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतून इंग्लंडला जात असे; जहाजाच्या तळाला भार म्हणूनही तो उपयोगी पडे. पुढे पाटण्याच्या सोऱ्याने ही जागा घेतली. सुरतेच्या किल्ल्याची कथाही तोफांशीच निगडित आहे. पोर्तुगिजांच्या उपद्रवापासून संरक्षण म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेने खुदावंदखान या रूमी सरदाराने १५४० नंतर तो बांधला. १५३८ साली दीवच्या वेढ्यासाठी आलेल्या तुर्की आरमाराने मागे टाकलेल्या ‘सुलेमानी’ तोफा त्याच्यावर होत्या, आणि १५७३ मध्ये अकबराने किल्ला घेतला तेव्हा त्याला त्या तोफांचा मोह पडला. तुर्क, पोर्तुगीज, मोगल, इंग्रज, वलंदेज आणि मराठे हे सारे दारूच्या धुरात एकमेकांसमोर उभे राहिलेले पाहावयाचे असतील, तर सुरतेसारखे ठिकाण नाही. आणि नेमके हेच लोक मराठीच्या बंदूकविषयक शब्दसंग्रहातही एकत्र आलेले आहेत.

२

प्रथम नामे पाहू. ‘तोफ’ हा शब्द तुर्की. ‘बंदूक’ अरबी, तेथे त्याचा मूळ अर्थ लहान गोल फळ, त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. ‘बरकंदाज’ म्हणजे फारसीत वीज फेकणारा; आपल्याकडे तो बंदुकधारी शिपाई झाला. ‘पलिता’ अरबी-फारसी, ‘गज’ फारसी, ‘सोरा’ फारसी. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगिजांकडून आले. ‘कडाबीन’ युरोपीय भाषांतून, आणि ‘गारदी’ हा पानिपतामुळे व पुढे नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे अजरामर झालेला शब्दही युरोपीय ‘गार्ड’चाच अवतार. अखेरीस ‘रायफल’ इंग्रजी. अशा रीतीने या एका हत्याराभोवती अरबस्तानापासून इंग्लंडापर्यंतचे शब्द गोळा झाले.

यांत सर्वांत मनोरंजक शब्द ‘दारू’ हा होय. फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीत मद्यालाही दारू म्हणतात आणि बंदुकीत भरायच्या काळ्या भुकटीलाही दारूच म्हणतात. शाळेतल्या मुलांना या दोन अर्थांची गंमत वाटते, आणि दोन्ही गोष्टी भडकतात म्हणून एकच नाव पडले असावे, असे उत्तर त्यांना मिळते. ते बरोबर नाही. कानडीत ‘मद्दु’ म्हणजे औषध आणि बंदुकीची दारूही. तमिळमध्ये ‘मरुंदु’ म्हणजे औषध, आणि ‘वेडिमरुंदु’ म्हणजे स्फोटक दारू. ज्या चीन देशात या भुकटीचा शोध लागला, तेथील तिच्या नावाचाही शब्दशः अर्थ ‘अग्निऔषध’ असाच आहे. वैद्याच्या खलबत्त्यात अमरत्वाचे रसायन शोधताना ही भुकटी हाती लागली, असे चिनी परंपरेवरून दिसते. म्हणजे आमची ‘दारू’ ही चुकून पडलेली संज्ञा नव्हे. आशिया खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली ती एक जुनी समजूत आहे. वैद्य आणि दारूगोळा करणारा यांचे घटक जोखण्याचे, कुटण्याचे, मिसळण्याचे व कोरडे राखण्याचे काम एकाच जातीचे होते.

शिवकालात परकी शब्दांबद्दल सजगता नव्हती असे नाही. रघुनाथपंत हणमंते यांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’त एक स्वतंत्र शस्त्रवर्ग आहे आणि त्यात यावनी शब्दांना संस्कृत पर्याय योजलेले आहेत. राजमुद्रेत आणि पदनामांत त्या उद्योगाला यश आले. बंदुकीच्या बाबतीत मात्र ते आले नाही. ‘शुक्रनीतिसार’ या ग्रंथात ‘लघुनालिक’, ‘बृहन्नालिक’, ‘अग्निचूर्ण’ अशा सुंदर संज्ञा आहेत. पण बंदुकीच्या व दारूच्या इतक्या तपशीलवार वर्णनामुळेच तो ग्रंथ, निदान त्याचा तेवढा भाग, फार अर्वाचीन असावा असा संशय विद्वानांनी घेतला. कसेही असो, किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याने लघुनालिक कधी उचलली नाही. त्याने बंदूकच उचलली.

३

मग या हत्यारात मराठीचे स्वतःचे काय? येथे नामांवरून क्रियापदांकडे वळले पाहिजे. त्यासाठी ठासणीची बंदूक कशी चालते, ते थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

नळीचे मागचे टोक बंद असते. मागे, बाजूला, एक बारीक भोक असते. त्याला ‘कान’ किंवा ‘काना’ म्हणतात. बंदूक उभी धरून तोंडातून मापाने दारू ओततात. तिच्यावर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा, त्यावर शिशाची गोळी अथवा छर्रे, आणि ते सुटू नयेत म्हणून पुन्हा बोळा. प्रत्येक थर गजाने नीट ठासायचा. मग कानापाशी बारीक दारू घालायची. तिला ‘रंजक’ म्हणतात. तोडेदार बंदुकीत सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजे ‘तोडा’ किंवा ‘जामगी’, आधी शिलगावून ठेवलेली असते. चाप ओढला की तिचे जळते टोक रंजकीवर टेकते, कानातून विस्तव आत शिरतो आणि बार उडतो. पुढे तोड्याच्या जागी घोड्याच्या तोंडातली चकमक आली, आणि एकोणिसाव्या शतकात चकमकीच्या जागी तांब्याची टोपी आली. परंतु ठासणे तेच राहिले.

हे वर्णन वाचायला सोपे, करायला नव्हे. गोळी दारूवर नीट बसली नाही आणि मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुटण्याचा संभव. दारू सर्दावली तर रंजक भुर्रकन जळते आणि बार आत तसाच राहतो. भरलेली बंदूक भरलेली नाही असे समजून वर दुसरा बार ठासला, तर पुढचा अनर्थ सांगावयास नको. अनुभवी माणूस गज आत सोडून बाहेर किती उरतो हे पाहतो आणि त्यावरून बंदूक भरलेली की रिकामी ते सांगतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्ग येथे रणभूमीवर सापडलेल्या हजारो बंदुकांत एकावर एक दोन किंवा अधिक बार ठासलेले आढळले. युद्धाच्या कल्लोळात आपला बार उडाला की नाही, हेच शिपायाला कळले नव्हते.

आणखी एक गोष्ट. ही काळी दारू जळताना तिचा सुमारे निम्माच भाग वायू होतो. उरलेला धूर आणि काजळी. काजळी नळीत चिकटते, हवेतले पाणी ओढते आणि लोखंड खाते. म्हणून दिवस संपल्यावर नळीत गरम पाणी घालून ती धुवायची, पुसायची, तेल द्यायचे. ज्याने धुण्याचा कंटाळा केला, त्याच्या बंदुकीने एका पावसाळ्यात राम म्हणावा. हे काम किती महत्त्वाचे मानले जाई, ते ‘आईन-इ-अकबरी’वरून दिसते : एका वेळी सोळा नळ्या साफ करणारे, गाईकडून फिरवले जाणारे एक चाक अकबराच्या कारखान्यात होते.

आता या साऱ्या कृतीची क्रियापदे पाहा : ओतणे, भरणे, ठासणे, शिलगावणे, नेम धरणे, ओढणे, झाडणे, उडवणे, धुणे, पुसणे. यांत परके एकही नाही. अवयवांची नावेही बहुतेक घरचीच आहेत : तोंड, कान, नळी, घोडा, तोडा. हत्यार बाहेरून आले, त्याचे नाव बाहेरून आले. पण हातात घेतल्यावर मराठी माणसाने त्याला स्वतःच्या शरीराची, गोठ्याची आणि घराची नावे दिली. ‘सुतरनाळ’ या शब्दात तर हा मिलाफ एकाच ठिकाणी दिसतो : ‘शुतुर’ म्हणजे फारसीत उंट, आणि ‘नाळ’ आपली.

हात आपला होता याला पुरावा केवळ भाषेचा नाही. गोवा घेतल्यावर आल्बुकर्कने १५१३ मध्ये आपल्या राजाला जे लिहिले, त्यात गोव्यातल्या बंदुका करणाऱ्यांच्या कौशल्याची तुलना त्याने बोहेमियाच्या कारागिरांशी केली आहे. म्हणजे पोर्तुगिजांनी येथे बंदूक शिकवली, ही समजूत अर्धवट आहे. त्यांनी येथे उत्तम लोहार आयतेच पाहिले. शिवकालात मावळे तलवारीबद्दल, तर कोकणातले हेटकरी बंदुकीच्या नेमाबद्दल नावाजलेले होते.

रोजच्या बोलण्यातही या हाताचे ठसे उमटले आहेत. जे काम गाजावाजा करून फसते त्याला आपण ‘फुसका बार’ म्हणतो. लग्न लवकर उरकायचे असले की ‘बार उडवून देऊ’ म्हणतो. भांडण पेटवून देणाऱ्याने ‘बत्ती दिली’ असे म्हणतो. गाडीत माणसे ‘ठासून’ भरतात, आणि वक्ता आपला मुद्दा ‘ठासून’ सांगतो. ठासणे हे क्रियापद बंदुकीपेक्षा जुने असेल; पण ठासून सांगणे म्हणजे थरावर थर देऊन, मध्ये पोकळी न ठेवता सांगणे, ही छटा ज्याने गज हातात धरला आहे त्याला शब्दकोश न पाहताही कळेल.

४

येथवर कौतुक झाले. परंतु या शब्दसंग्रहातील उणीवही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दारूची साठवण आणि वापर यांची विद्या मराठी राज्यात मुरलेली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गप्रकरणी दारूखान्याविषयी ज्या सूचना आहेत, त्या आजही एखाद्या कारखान्याच्या भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. दारूखाना वस्तीजवळ नसावा, त्याला गच्च तळघर असावे, दारू माचावर ठेवावी, सर्दी लागू देऊ नये, आठापंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, परवानगीवाचून आसपास कोणास येऊ देऊ नये, असा त्यांचा आशय आहे. सह्याद्रीच्या पावसात ज्याने दारू राखली आहे, त्याचेच हे बोल आहेत.

त्याच ग्रंथात टोपीकरांविषयी जो सावधगिरीचा इशारा आहे, त्यातही त्यांच्या आरमाराबरोबर त्यांच्या दारूगोळ्याच्या बळाची जाण दिसते. दुखणे येथेच होते. राखण्याची व चालवण्याची विद्या आपली झाली. तोफा ओतण्याची आणि बंदुकांत एकसारखेपणा आणण्याची विद्या बहुधा परक्यांच्या हाती राहिली. १७७५ च्या मार्चमध्ये रघुनाथरावाने इंग्रजांशी जो तह केला तो सुरतेसच झाला. आणि त्या तहाने मराठी राज्यात शिरली ती चकमकीच्या बंदुका एका तालावर भरणारी व एका हुकुमावर झाडणारी पलटण. महादजी शिंद्यांनी हे ओळखले. द बॉयन् याच्या हाताखाली त्यांनी कंपू उभे केले, आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाकडून तोफा व बंदुका करविल्या. त्या बंदुका स्वस्तही होत्या आणि चांगल्याही. पण तो कारखाना एका माणसाच्या कौशल्यावर आणि एका सरदाराच्या दूरदृष्टीवर उभा होता. त्यातून विद्येची परंपरा निर्माण झाली नाही. आपल्या भाषेला त्याची साक्ष काढता येते : बंदूक भरण्याची व झाडण्याची क्रियापदे मराठीत विपुल आहेत, नळी सारख्या मापाने भोकण्याची, साचे करण्याची, एकासारखा दुसरा भाग घडवण्याची क्रियापदे शोधावी लागतात.

५

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या कथेला निर्णायक वळण मिळाले. १८५३ सालच्या एन्फील्ड बंदुकीच्या नळीला आतून वळसे होते आणि तिची गोळी त्या वळशांत घट्ट बसे. म्हणून ती जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा फार लांब व अचूक मारा करी. तिचे काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत मापाची दारू आणि गोळी. ही पुडी दातांनी फाडायची, दारू ओतायची, गोळी ठासायची. पुडीला लावलेल्या चरबीवरून १८५७ साली जे घडले ते सर्वश्रुत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच सुमारास उत्तरेकडे निघाले होते. काडतुसांची वार्ता त्यांच्या कानी वाटेतच आली आणि पुढे झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तीही १८५७ सालीच. रंजक, जामगी, काना हे सारे शब्द जिवंत असतानाच कोशात बंदिस्त झाले, हा एक योगायोग. कारण थोड्याच वर्षांत त्यांचे जीवन संपू लागले.

१८६६ साली इंग्रजी सैन्याने स्नायडर बंदूक स्वीकारली आणि १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री. दोन्ही एकबारी, दोन्हींत काळीच दारू. पण आता बंदूक मागून उघडत होती. मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी पितळी पुंगळीत आयती भरलेली असे. शिपायाने पुंगळी घालायची आणि चाप ओढायचा. ओतणे गेले, ठासणे गेले, रंजक गेली, गज केवळ नळी पुसण्यापुरता उरला. आठदहा क्रियापदांची जागा एका ‘घालणे’ या क्रियापदाने घेतली.

सोय झाली, यात शंका नाही. परंतु सोयीबरोबर सत्तेची जागाही बदलली. ठासणीच्या बंदुकीचा मालक स्वतःची दारू स्वतः मापी, गोळी चुलीवर शिसे वितळवून स्वतः ओती. त्याला बंदूक हाती आली की बाकीचे तो पाहून घेई. काडतुसाच्या बंदुकीत भरणारा हात कारखान्याचा आणि झाडणारा हात शिपायाचा. काडतूस थांबले की बंदूक ही काठी. खडकीचा काडतुसांचा कारखाना १८६९ साली निघाला. १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना हवा आणि युरोपीयाला तो नको, असा भेद त्याच्या अंमलबजावणीत होता. १८८४ च्या कायद्याने दारू तयार करणे व बाळगणेही परवान्याखाली आले. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड १८७९ चे, म्हणजे पहिल्या कायद्याच्या लगोलग. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला तो अगदी वेळेवर होता. सैन्यातही तोच भेद पाळला जाई. २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या लढाईत मुंबई लष्कराच्या हिंदी पलटणींच्या हाती स्नायडर होत्या; त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या ६६ व्या गोऱ्या पलटणीच्या हाती मार्टिनी-हेन्री. एकाच रणात, एकाच शत्रूपुढे, मरणाची तयारी सारखीच, पण बंदूक एक पिढी मागची. १८५७ ची आठवण सरकार विसरले नव्हते.

१८८० नंतरच्या दशकात धूर न करणारी नवी दारू निघाली आणि काळ्या दारूचे लष्करातले राज्य संपले. पितळी पुंगळ्या शिकाऱ्यांच्या हाती आल्या तेव्हा ठासणीची विद्या लहान स्वरूपात पुन्हा डोकावली खरी. उडालेली पुंगळी टाकून न देता तिची टोपी बदलायची, मापाने काळी दारू भरायची, बोळा व छर्रे घालून तोंड बंद करायचे. युरोप-अमेरिकेत जुन्या एकबारी बंदुकांचे हौशी आजही हेच करतात, आणि जुन्या लोखंडाला नव्या दारूचा जोर सोसत नाही म्हणून काळ्या दारूचाच आग्रह धरतात. पण तेथे जी हौस आहे, ती आपल्याकडे कायद्याच्या आणि परिस्थितीच्या दोन भिंतींमध्ये सापडली.

६

असे असूनही ठासणीची बंदूक महाराष्ट्रातून गेलेली नाही. स्वतंत्र भारताने १९५९ साली हत्यारांचा नवा कायदा केला; तो १९६२ पासून अंमलात आला. परवाना कोणाला द्यावा हे सांगणाऱ्या त्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या संरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. त्यामुळे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या घरी ती आजही खुंटीला असते. रानडुकरे भात व कंद उकरतात, वानर नारळ व आंबे नासतात. त्यांना पळवण्यासाठी बार काढला जातो. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निवडणूक सरली की परत येते. सरकारी कागदांत व वर्तमानपत्रांत तिला ‘ठासणीची बंदूक’ असेच म्हणतात. परकी नावांच्या या साऱ्या घराण्यात हे एकच नाव असे आहे की जे क्रियापदावरून पडले. यंत्र कोणाचे, हे ते नाव सांगत नाही. हाताने काय करायचे, तेवढे सांगते. पाच शतकांतून टिकून राहिले ते हेच, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

तिची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. त्या बंदुकीने माणसेही मेली आहेत, रानातली जनावरेही विनाकारण मेली आहेत, आणि तिच्यावर निर्बंध असावेत हे योग्यच आहे. प्रश्न तिच्या भाषेचा आहे. मोल्सवर्थने आणि १९३२ पासून प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या संपादकांनी दप्तरांतले व बखरींतले शब्द मोठ्या कष्टाने नोंदले. परंतु कोकणातला शेतकरी आज बंदुकीच्या प्रत्येक भागाला, दारूच्या प्रत्येक मापाला, फसलेल्या बाराच्या प्रत्येक प्रकाराला जे शब्द योजतो, ते दप्तरात आलेले नाहीत. ते बापाकडून मुलाकडे तोंडी आले. मुलगा शहरात गेला की ही साखळी तुटते. कोश मृत शब्दांची नोंद करतो आणि जिवंत शब्द त्याच्या दाराशी उभे राहून निघून जातात, असा प्रकार आपल्याकडे पूर्वी अनेक धंद्यांच्या बाबतीत झाला आहे.

हे काम कोकणातील शाळाशिक्षकांइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. त्यांचे विद्यार्थी त्याच घरांतून येतात. सुरतेतील मराठी शाळांच्या शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. त्यांच्या विद्यार्थ्यांचे आईबाप गिरणीत रंगाचे माप घेतात, भांड्यात घोळ ढवळतात, कापडावर छाप उठवतात. यंत्रे परदेशी, रसायनांची नावे परदेशी, बोलणे अर्धे गुजराती, अर्धे हिंदी. पण त्या कामाची क्रियापदे कोणत्या भाषेत उच्चारली जातात, हे पाहण्यासारखे आहे. ती मराठी किंवा अहिराणी असतील, तर ठासणीच्या बंदुकीचीच कथा तेथे नव्याने चालू आहे असे समजावे.

कारण या इतिहासातून निघणारा निष्कर्ष बंदुकीपुरता मर्यादित नाही. परकी वस्तू आली, तिचे परके नाव आले, म्हणून भाषा गरीब होत नाही. अरबी बंदूक आणि फारसी दारू घेऊन मराठी गरीब झाली नाही. ती गरीब होते तेव्हा, जेव्हा त्या वस्तूशी हाताने करायचे काम संपते आणि त्या कामाची क्रियापदे मुकी होतात. वस्तू आयती येते, ‘घालणे’ आणि ‘दाबणे’ एवढीच क्रियापदे उरतात. नामांच्या शुद्धीसाठी आपण तीनशे वर्षे कोश रचले. आता क्रियापदांच्या रक्षणाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे, हे अगत्याचे आहे.